वही खरी ठेवली तर टॅक्स किती लागतो?

(आमच्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग अगदी छोट्या धंदेवाल्यांसाठी आहे. म्हणजे पूर्व भागात घराच्या पुढच्या खोलीत पाच-सात शिलाई मशिनी लावून शाळेचे गणवेश शिवणारे, चार यंत्रमागांवर टॉवेल काढणारे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी पॅक करून देणाऱ्या ताई, नव्या पेठेत आठ बाय दहाच्या गाळ्यात मोबाईल दुरुस्त करणारे. ज्यांच्याकडे अकाउंटंट नाही, कॉम्प्युटर नाही, आणि हिशेब म्हणजे खिशातली डायरी नाहीतर डोक्यातली आठवण, अशा लोकांसाठी.

या लोकांचे हिशेब लिहून देणं, त्यांची रिटर्नं भरणं हे माझं रोजचं काम. या कामात एक वाक्य सगळ्यात जास्त कानावर पडतं: "साहेब, हिशेब दाखवला की टॅक्स लागतो. कमीच दाखवा की."

आज याच वाक्याचा हिशेब करू. भीती वाटणं साहजिक आहे, पण ती आकड्यांवर तपासून बघितलेली नसते. आपण बघू.

दोन टॅक्स, दोन वेगळी मापं

पहिला घोळ इथेच होतो. लोक "चाळीस लाखाच्या आत आहे ना, मग मला काही लागत नाही" म्हणतात. हा चाळीस लाखाचा आकडा जीएसटीचा आहे. जीएसटी विक्रीवर असतो, आयकर नफ्यावर असतो. दोन्हींची मापं वेगळी, कागद वेगळे, वेबसाइटी वेगळ्या. जीएसटी लागत नाही म्हणून आयकराचं रिटर्न भरायचं नाही, असं होत नाही. आणि आयकर शून्य आला म्हणून जीएसटी माफ, असंही होत नाही.

आधी आयकर घेऊ, कारण तो सगळ्यांना लागू पडतो.

आठ टक्के, सहा टक्के आणि खरा नफा

छोट्या धंद्यासाठी आयकरात एक सोपी वाट आहे. कलम ४४एडी. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर सविस्तर हिशेबाच्या वह्या ठेवायची, ऑडिट करायची सक्ती नाही. रोखीची जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर हीच मर्यादा तीन कोटी होते. रोखीने आलेल्या विक्रीवर किमान आठ टक्के आणि बँकेतून, यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान सहा टक्के नफा दाखवायचा. फॉर्म आयटीआर-४, त्याचं नाव 'सुगम'.

आता 'किमान' हा शब्द नीट ऐका. कायदा म्हणतो, निदान एवढा तरी दाखवा, आणि खरा नफा जास्त असेल तर तो दाखवा. गल्लीत त्याचा अर्थ झाला, "आठ टक्के दाखव आणि मोकळा हो."

एक उदाहरण घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, पण चेहरा ओळखीचा वाटेल. गणवेश शिवणारं एक घर. वर्षाची विक्री ३६ लाख. त्यातले २४ लाख बँकेत आले, १२ लाख रोख. सहा टक्क्यांनी २४ लाखांवर १ लाख ४४ हजार. आठ टक्क्यांनी १२ लाखांवर ९६ हजार. बेरीज २ लाख ४० हजार. इतका नफा दाखवला की टॅक्स शून्य. खूश.

पण घरात खरे किती उरले? कापड, धागा, बटणं, कारागिरांची मजुरी, लाइट बिल, टेम्पो भाडं, सगळं वजा जाता समजा साडेपाच लाख उरले. ते दाखवले तर टॅक्स किती?

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर काही नाही. पुढच्या दीड लाखावर पाच टक्के, म्हणजे साडेसात हजार. आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असलेल्या निवासी व्यक्तीला जी करसवलत मिळते, तिने हे साडेसात हजारही पुसले जातात. टॅक्स शून्य.

म्हणजे २ लाख ४० हजार दाखवले तरी शून्य आणि साडेपाच लाख दाखवले तरी शून्य. मग लपवून वाचवलं काय? काहीच नाही.

आणि घालवलं काय, ते बघा. याच घराला उद्या दोन नव्या मशिनींसाठी किंवा एप्रिल-मेच्या सीझनआधी कापड भरायला कर्ज पाहिजे. बँक मागते तीन वर्षांची रिटर्नं. मॅनेजर कागद बघतो: महिन्याला वीस हजारांची कमाई. आणि खरी कमाई महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या वर. मॅनेजर कागदावर चालतो, आपल्या बोलण्यावर नाही. वीस हजारात घर चालवून हप्ता कुठून भरणार, असं तो विचारणारच. मग माणूस बाहेरून घेतो, महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी. वर्षाला चोवीस ते छत्तीस टक्के झाले. शून्य टॅक्स वाचवायला ही किंमत!

मुद्रा योजनेत आज शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं, आणि तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना वीस लाखांपर्यंत. तारण लागत नाही, पण धंदा दिसावा लागतो. आणि धंदा कागदावरच दिसतो.

इथे एक सावधगिरीही सांगतो. उलटाही प्रकार चालतो. कर्ज पाहिजे म्हणून नसलेला नफा फुगवून दाखवायचा. "टॅक्स तर शून्यच आहे, आठ लाख टाका." तसं करू नका. हप्ता खऱ्या पैशातून जातो. शिवाय जीएसटीतली विक्री, बँकेतली जमा आणि आयकरातला आकडा हे तिन्ही आता एकमेकांशी पडताळता येतात. खरा आकडा एकच असतो, तो लक्षात ठेवावा लागत नाही.

नव्या कायद्याबद्दल बरेच जण विचारतात. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले आणि 'कर वर्ष' असा एकच शब्द आला. पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्या कायद्यानेच भरायचं आहे. त्यामुळे मी जुनेच क्रमांक वापरतोय.

सोलापूरचा माल आणि शेजारचं राज्य

आता जीएसटी. फक्त मालाची विक्री असेल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची गरज नाही. सेवा असेल तर २० लाख. दुसऱ्याचं कापड घेऊन फक्त शिलाई करून देता, म्हणजे जॉबवर्क करता, तर ती सेवा धरली जाते. तिथे माप २० लाखांचं.

पण सोलापूरकरांसाठी एक अडचण खास आहे. आपलं गाव सीमेवर. विजापूर इथून शंभर किलोमीटर, कलबुर्गीही हाताच्या अंतरावर, हैदराबादशी तर पूर्व भागाचं पिढ्यांचं नातं. चादर असो, टॉवेल असो, गणवेश असो, माल तिकडे जातोच. आणि कायदा सांगतो की दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकला तर चाळीस लाखांची सूट उरत नाही. पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. हातमाग आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना अटींसह सवलत आहे, पण यंत्रमागाच्या टॉवेलाला किंवा मशिनीवर शिवलेल्या गणवेशाला ती नाही. दुकानाच्या काउंटरवर येऊन गिऱ्हाईक एखादी चादर घेऊन गेलं, ती किरकोळ विक्री वेगळी. पण तुम्ही विजापूरच्या दुकानदाराला ट्रान्सपोर्टने गठ्ठा पाठवला, तर वर्षाची विक्री दहा लाख असली तरी नोंदणी पाहिजे.

मग कोणी म्हणतं, कंपोझिशन घेऊ. दीड कोटीपर्यंतच्या छोट्या उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला एक टक्का भरून सुटता येतं. दर तिमाहीला सीएमपी-०८ भरायचं आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४. चांगली योजना आहे. पण तीन अटी आधी ऐका. एक, दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही. दोन, बिलावर गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, एक टक्का आपल्या खिशातून जातो. तीन, खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट आपल्याला मिळत नाही, आणि आपल्याकडून घेणाऱ्या दुकानदारालाही मिळत नाही. म्हणून गल्लीतल्या गिऱ्हाइकाला थेट विकणाऱ्याला कंपोझिशन सोयीचं आणि दुकानांना होलसेल देणाऱ्याला बहुतेक वेळा गैरसोयीचं.

गणवेशवाल्यांना आणि चादर-टॉवेलवाल्यांना आणखी एक गोष्ट उपयोगाची. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर आणि चादर-टॉवेलसारख्या वस्तूंवर पाच टक्के दर आहे. आधी ही हद्द हजार रुपयांची होती. जुन्या बिलबुकावर जुनेच दर छापलेले असतील तर ते बदला.

क्यूआर कोड काढून काय होतं?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात काय झालं ते तुम्ही बातम्यांत बघितलं असेल. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून तिथल्या विक्रीकर खात्याने हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. त्यात चहावाले, बेकरीवाले होते, भाजीवालेही होते. बेंगळुरूत दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या.

या गोष्टीतून आपल्याकडे अर्धाच धडा घेतला गेला: यूपीआय बंद करा. आता दुसरा अर्धा ऐका. ताजी भाजी, सुटं दूध यांच्यावर मुळात जीएसटीच नाही. फक्त असाच माल विकणाऱ्याला कितीही उलाढाल झाली तरी नोंदणी लागत नाही. म्हणजे अशा भाजीवाल्याकडे बाजार समितीच्या खरेदीच्या पट्ट्या आणि साधी वही असेल, तर नोटिशीला एका पानाचं उत्तर पुरतं. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याने सिद्ध कसं करायचं की हे पैसे भाजीचे आहेत? मेहुण्याने परत केलेले उसने, भिशीचे पैसे, मुलीच्या लग्नाचा आहेर, सगळं एकाच क्यूआरवर आलं तर मशीन त्याला विक्रीच समजणार. नोटिशीचा त्रास यूपीआयमुळे होतो असं वाटतं, पण तो घर आणि धंदा एकाच खात्यात कालवल्याने वाढतो.

आणि रोखीकडे परत गेलात तर सहा टक्क्यांची सवलत जाऊन आठ टक्के लागू होतात, तेही विसरू नका.

घेतलेली आणि विसरलेली नोंदणी

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार. एखाद्या शाळेची ऑर्डर मिळवायला किंवा बँकेने सांगितलं म्हणून जीएसटी नंबर काढायचा. ऑर्डर संपली की नंबर विसरायचा. "विक्रीच नाही तर काय भरायचं?" अहो, विक्री नसली तरी शून्याचं रिटर्न भरावं लागतं. नाही भरलं तर विलंब शुल्क साचतं, पुढे नंबर रद्द होतो, आणि पुढच्या वर्षी खरी ऑर्डर येते तेव्हा तो चालू करायला आधी मागचं सगळं भरावं लागतं.

शून्याचं जीएसटीआर-३बी तर नोंदणीकृत मोबाईलवरून १४४०९ या नंबरला एसएमएस पाठवूनही भरता येतं. आणि नंबर नकोच असेल तर रीतसर रद्द करायचा अर्ज द्या आणि नंबर रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरा. दुकानाचं शटर ओढलं म्हणून नंबर बंद होत नाही.

अडकलेले पैसे आणि वही

आतापर्यंत टॅक्सचं बोललो. पण माझ्या मते वहीचा सगळ्यात मोठा उपयोग टॅक्समध्ये नाहीच. तो उधारी वसूल करण्यात आहे. सोलापुरात छोटा माणूस टॅक्समुळे कमी आणि अडकलेल्या पैशांमुळे जास्त बुडतो. शिलाई जूनमध्ये होते आणि पैसे दिवाळीत येतात. तेही हप्त्याहप्त्याने.

यासाठी कायद्यात आधार आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू शकतं. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही कलम ४३बी (एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. म्हणून हल्ली मार्च आला की काही पार्ट्या आपणहून फोन करतात, "तुमची किती बाकी आहे हो?"

त्या फोनला उत्तर द्यायला बाकी माहीत पाहिजे! चलन नंबर, तारीख, नग, दर, मिळालेले पैसे. नाहीतर तो सांगेल ती बाकी.

दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. हा आधार माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण पैशांच्या मुदतीचा हा हक्क मिळत नाही. दुसरं, तक्रार केली तर पार्टी तुटण्याची भीती असते आणि ती भीती खोटी नाही. वर्षभर काम देणारा एकच मोठा उत्पादक असेल तर त्याच्यावर कोण तक्रार करेल? म्हणून मी सांगतो, तक्रार हा शेवटचा उपाय. पहिला उपाय म्हणजे बिलावर उद्यम नंबर छापणं आणि दर महिन्याच्या एक तारखेला बाकीचा उतारा व्हॉट्सअॅपवर पाठवणं. भांडण नाही, तगादा नाही. "नमस्कार शेठ, आजअखेर बाकी सोबत जोडली आहे." एवढंच. लेखी उतारा दर महिन्याला गेला की बाकी किती, यावर वाद घालणं अवघड होतं.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजा.

वही कशी ठेवायची

कॉम्प्युटर नको, अॅपही नको. शंभर पानी वही पुरते. आपले आजोबा-पणजोबा रोजकीर्द आणि खतावणी लिहायचेच की. तेच करायचं.

पुढून रोजकीर्द. डाव्या पानावर आलेले पैसे, उजव्या पानावर गेलेले पैसे. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशाबद्दल, किती, रोख की बँक. रात्री दुकान बंद करताना गल्ल्यातली रोख मोजायची आणि वहीतल्या रोख शिलकेशी जुळवायची. पाच मिनिटांचं काम. आठ दिवसांनी करायला बसलात तर दोन तास लागतील आणि तरी जुळणार नाही.

वही मागून उघडा, तिथे उधारी. प्रत्येक पार्टीला एक पान. माल गेला की लिहा, पैसे आले की लिहा, बाकी काढा.

घरखर्चाला पैसे घेतलेत तर 'घरखर्च' असं लिहूनच घ्या. घेऊ नका असं मी म्हणत नाही, धंदा घरासाठीच आहे. पण लिहिलं नाही तर वर्षाच्या शेवटी धंदा तोट्यात होता की घरखर्च जास्त झाला, हे कळत नाही. धंद्याला वेगळं बँक खातं उघडा आणि दुकानातला क्यूआर त्याच खात्याचा ठेवा. खरेदीची बिलं महिन्याच्या पाकिटात घाला. थर्मल कागदावरचं बिल उडून जातं, त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि घरातल्या बाईच्या हातून अर्धी शिलाई होत असेल, तर तिची मजुरी काय झाली असती तेही एकदा काढून बघा. रिटर्नमध्ये टाकायला नाही, दर ठरवायला. अनेक घरं ज्याला नफा म्हणतात, तो तिच्या न मोजलेल्या मजुरीतून आलेला असतो. ते कळलं की पुढच्या सीझनचा दर सांगताना आवाज बदलतो.

कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं

साधं आयटीआर-४ स्वतः भरता येतं, आयकराच्या पोर्टलवर ते फुकट आहे. जमत नसेल तर कर सल्लागार, जीएसटी प्रॅक्टिशनर किंवा सीए. फी द्या, घासाघीस जरूर करा, पण या पाच गोष्टी सोडू नका.

पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच पाहिजे. सल्लागाराचा असेल तर नोटीस त्याच्याकडे जाते आणि मुदत तुमची संपते.

पासवर्ड तुमच्याकडेही लिहिलेला पाहिजे.

टॅक्सचे पैसे कोणाच्या हातात रोख देऊ नका. चलन काढून घ्या आणि आपल्या खात्यातून भरा.

प्रत्येक रिटर्नची पोचपावती मागा. आयकराच्या रिटर्नची पडताळणी ३० दिवसांत करावी लागते. ती झाली का, हे नक्की विचारा, नाहीतर भरलेलं रिटर्न भरलेलं धरत नाहीत.

आणि सहीच्या आधी, ओटीपी सांगायच्या आधी, विचारा: "माझी विक्री किती दाखवली? नफा किती दाखवला?" दोन आकडे. सल्लागाराला हा प्रश्न आवडला नाही तर सल्लागार बदला. रिटर्न कोणी का भरेना, त्यावर नाव तुमचं असतं.

आता एक छोटं काम. ऐकून झालं की आजच्या आज एक वही घ्या आणि फक्त मागची पानं लिहा. कोणाकडून किती येणं आहे, आठवेल तसं. बेरीज करा. बऱ्याच जणांना कळेल की बँकेकडे मागायला निघालो होतो तितके पैसे आपल्याच लोकांकडे अडकलेत.

पुढच्या भागात व्यवसाय कराबद्दल बोलू. म्हणजे महाराष्ट्रातले ते वर्षाचे अडीच हजार, जे अनेकांच्या लक्षातच नसतात. तुमचे प्रश्न पाठवा. नाव सांगायची गरज नाही, पण आकडे खरे सांगा. आकडे खोटे असले की माझं उत्तरही खोटंच येईल.